फेनिटॉइनची मात्रा आणि रक्तातील पातळी
फेनिटॉइन या आकडी (फिट) रोखणाऱ्या औषधाची रोजची मात्रा 300 वरून 400 मिलिग्रॅम केली, तर रक्तातील पातळीही त्याच प्रमाणात वाढेल, असे एक म्हणणे आहे. ते बरोबर नाही. या औषधाचे विघटन करणारी यकृतातील विकरे (एन्झाइम) नेहमीच्या मात्रेलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करत असतात, त्यामुळे थोडी वाढही पातळीला 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या योग्य मर्यादेपलीकडे नेऊ शकते. राजारामपुरीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक काका भिंतीला हात टेकत पायरी चढले, तेव्हा त्यांची बुबुळे थरथरत होती. ही रक्तातील पातळी वाढल्याची लक्षणे होती, कारण चुकून रोज फेनिटॉइनची एक गोळी जास्त जात होती. त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले. मात्र भीतीपोटी गोळी परस्पर बंद करू नये, कारण त्याने आकडीमागून आकडी येऊ शकते.