मदत हवी आहे: लेकीने माझी तलवार नापास केली

मंडळी, लेक आठवीत आहे. दोन आठवड्यांनी मुंबईत एक कॉसप्लेचा (आवडत्या पात्राचा वेश करून मिरवायचा) कार्यक्रम आहे आणि तिला 'डीमन स्लेयर' या जपानी अॅनिमेमधला तलवारबाज तान्जिरो व्हायचंय. हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा आजीने शिवून दिला, तलवार माझ्या गळ्यात पडली. रविवारभर खपून सनबोर्डाचे तीन थर चिकटवले, काळा रंग मारला, मुठीला सुतळी गुंडाळली आणि मुठीवर झोकात आडवी पट्टी बसवली. तिने हातात घेतली, एकदा उलटी करून बघितली आणि म्हणाली, "बाबा, ही किरिटोची झाली."

किरिटो कोण हे त्या दिवशी कळलं. ('सोर्ड आर्ट ऑनलाइन'मधला. त्याच्या तलवारी सरळ आणि दुधारी.) मग लेकीचं अर्धा तास व्याख्यान झालं: तान्जिरोची ती काताना, म्हणजे बाकदार जपानी तलवार, पोलादाला घड्या घालून केलेली, म्हणून ती दुसरी तलवारसुद्धा कापते, युरोपातल्या तलवारी म्हणजे दहा किलोच्या बोथट पहारी, वगैरे.

तर जाणकारांनो, नेमकं काय बदललं की ही काताना दिसेल? बाक किती द्यायचा? पोरीची उंची चार फूट दहा इंच आहे. धातू चालत नाही, हे आयोजकांनी आधीच सांगितलंय. आणि डोंबिवलीहून लोकलने न्यायची कशी?

लोखंड्या
आधी ती आडवी पट्टी उपटा. सगळा घोळ तिथेच आहे. युरोपातल्या तलवारीला मुठीशी क्रूसासारखा आडवा दांडा असतो आणि मुठीच्या टोकाला वजनदार बोंडूक. कातानाला त्या जागी त्सुबा, म्हणजे मधोमध भोक असलेली चपटी चकती. साधारण 7-8 सेंमीची. जुनी सीडी वापरू नका, ती 12 सेंमी भरते आणि तलवारीवर झाकण ठेवल्यासारखं दिसतं. (अनुभवाचे बोल.)

आता बाक. इथे हमखास चुकतं, लोक पार कोयता करून ठेवतात. 70 सेंमीच्या पात्याला मधोमध दीड-दोन सेंमी बाक, बास. हा बाक बराचसा आपोआप येतो. लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेवर पातळ. मग लाल तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होते, कडक होते आणि किंचित फुगते. पाठ सावकाश थंड होते, मऊ राहते. म्हणून पातं पाठीकडे वळतं. दोन्हींच्या सीमेवर ढगासारखी फिकट रेघ उमटते, तिला हामोन म्हणतात. तुमच्या काळ्या रंगावर धारेलगत करड्या रंगाने नागमोडी ओढून बघा.

आणि सुतळी सोडा. बुटाची चपटी नाडी घ्या, खाली पांढरा कागद लावा आणि नाडी आलटून पालटून अशी गुंडाळा की मधे पांढऱ्या शंकरपाळ्या दिसतील. खऱ्या मुठीत तिथे पाकट माशाचं खरखरीत कातडं असतं.

लांबीचं म्हणाल तर काताना म्हणजे दोन शाकूंच्या (शाकू हे जुनं जपानी माप) वरचं पातं, म्हणजे साधारण 60 सेंमी. तुम्ही 60 ठेवा, मूठ 22. पोरीला पुरे.

टाचणी
वरच्या प्रतिसादाला +1, पण त्या 'दहा किलोच्या पहारी'चं काय? लेकीला सांगा, दोन हातांनी धरायची युरोपातली लाँगसोर्ड सव्वा-दीड किलोची असते. काताना एक ते सव्वा किलो. फरक आहे तो एवढाच! लढाईत वापरलेली जर्मन दोनहाती झ्वायहँडरसुद्धा दोन ते साडेतीन किलोंत बसते. आणि समोरचा पोलादी चिलखतात असेल तर कापाकापीचा उपयोगच नाही. मग हे लोक डाव्या हाताने स्वतःच्याच तलवारीचं पातं मधे धरून चिलखताच्या फटीत टोक खुपसायचे, नाहीतर तलवार उलटी धरून मुठीकडचा दांडा हातोड्यासारखा हाणायचे. हे अॅनिमेत फारसं कोणी दाखवत नाही, म्हणून पोरांना वाटतं की ते नुसते दांडपट्टा नसलेले रेडे होते.

पोलादाला घड्या घालण्याचंही तसंच. जपानात पोलाद लोखंडी वाळूपासून करत, त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी. दहा घड्या घातल्या की 1024 थर होतात आणि माल एकसारखा होतो. ही भेसळ सावरायची युक्ती आहे, जादू नव्हे. धारेवर धार आपटली तर कातानालाही टवका जातो.

गवती_चहा
दुधारी-सरळ म्हणजे 'परकी' असं लेकीला वाटत असेल तर तिला फिरंग दाखवा. लांब, सरळ युरोपियन पातं, बहुतेक वेळा पोर्तुगीजांमार्फत आलेलं, आणि त्यावर आपली मूठ, परज, गज. नावच फिरंग! मराठ्यांनी ती आवडीने वापरली. आपल्याला पातं कुठलं याची लाज नव्हती.
(भवानी तलवारीचा विषय कृपया इथे काढू नये. त्याचे धागे वेगळे आहेत आणि ते अजून पेटलेलेच आहेत.)

उकडीचा_मोदक
लोकलचं विचारलंत म्हणून: 'डीमन स्लेयर'चाच सिनेमा 'मुगेन ट्रेन' बघा. सुरुवातीलाच तलवारी दिसल्या म्हणून स्टेशनवरचे लोक पोलिसांना बोलावतात आणि तान्जिरो व त्याचे दोन साथीदार पळत सुटतात. गोष्ट तैशो काळातली, 1912 नंतरची, आणि जपानात तलवार लावून फिरायला बंदी आली 1876 मध्ये. त्यामुळे तान्जिरोचीच अडचण तुमचीही. योगा मॅटची पिशवी घ्या, चेन लावा, ठाणे स्टेशनवर कोणी विचारलं तर योगा.

लोखंड्या
एक राहिलं. कंबरेला खोचताना धार वर ठेवायची. धार खाली ठेवून लटकवायची ती ताची, जुनी घोडेस्वारांची. कॉसप्लेत हे चुकलं की पोरं मागून हसतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पट्टी काढली. त्सुबा चपलेच्या सोलचा फोम कापून केली, बाक हीट गनने आणायला गेलो तर सनबोर्ड फुगला, म्हणून नवीन पातं बाकदारच कापलं. नाडीच्या शंकरपाळ्या तिसऱ्या खेपेला जमल्या. म्यान पीव्हीसी पट्टीचं केलंय, तलवार काढताना 'खर्र' असा आवाज येतो. मी म्हटलं, सिनेमात 'श्शिंग' होतं ना! लेक म्हणाली, खरं म्यान लाकडाचं असतं बाबा, तिथे कसलं आलंय श्शिंग. म्हणजे आता ती माझ्याही आधी हा धागा वाचतेय.

नवीन संकट: कॉलेजातल्या भाच्याने फोटो बघितला. त्याला 'बर्सर्क' या दुसऱ्या जपानी चित्रकथेतल्या गट्सची तलवार हवीय. पुरुषभर उंच, फळीएवढी रुंद. आमचं दार साडेसहा फुटी आहे आणि जिना वळणाचा. मधे पाइप घालून दोन तुकड्यांत जोडता येईल का? फोम किती जाडीचा घ्यावा?