चलनवाढ, महागाई, अवमूल्यन, घसरण : कुठे कुठला शब्द?

प्रश्न : श्रीलंकेच्या २०२२ मधल्या संकटावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. 'रुपयाच्या अवमूल्यनामुळे चलनवाढ झाली' असं लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, "अवमूल्यन कुणी केलं? आणि वाढलं ते चलन की भाव?" मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : मैत्रिणीचा पहिला प्रश्न अगदी बरोबर आहे. अवमूल्यनाला कर्ता लागतो : सरकार ठरवून आपल्या चलनाची किंमत उतरवतं. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला, ते अवमूल्यन. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत केलं, तेही अवमूल्यन. १९९३ पासून आपला दर बाजारात ठरतो, म्हणून आजच्या बातमीत 'रुपया घसरला' हेच योग्य. श्रीलंकेत मध्यवर्ती बँकेने डॉलर तिथल्या दोनशे रुपयांच्या आसपास धरून ठेवला होता. मार्च २०२२ मध्ये तो मोकळा सोडला, म्हणजे दर बाजारावर सोपवला, आणि मे महिन्यापर्यंत तो ३६०च्या घरात गेला. इथे मी 'रुपया कोसळला' म्हणेन.

टक्केवारी लिहिताना जपा. १९६६ मध्ये डॉलर सुमारे ५७.५ टक्क्यांनी महागला, रुपया मात्र ३६.५ टक्क्यांनी उतरला. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त पाया वेगळा. अनुवादात कर्ता बदलला की आकडाही बदलावा लागतो. ही चूक छापून आलेली मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरा प्रतिसाद : 'चलनवाढ' या शब्दात कारण आधीच गृहीत धरलेलं आहे : नोटा वाढल्या म्हणून भाव वाढले. १९२३ च्या जर्मनीला तो चपखल बसतो. श्रीलंकेतही आधीची दोन वर्षं सरकारी तूट भरायला बराच पैसा निर्माण केला गेला, त्यामुळे तो अगदीच चुकीचा नाही. पण तिथलं इंधन, औषधं, दूधभुकटी बाहेरून येते. डॉलर महागल्यामुळे चढलेल्या भावांना चलनवाढ म्हटलं की अर्धीच गोष्ट सांगितली जाते. 'भाववाढ' हा शब्द कारणाबद्दल काही बोलत नाही, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि 'महागाई'? महाग हा 'महार्घ'वरून आला. अर्घ म्हणजे किंमत. (त्याचाच जोडीदार 'समर्घ', त्यावरून 'सवंग'. आज आपण तो उथळ लोकप्रियतेपुरताच ठेवला आहे, याचं मला वाईट वाटतं.) महागाई हा घेणाऱ्याचा शब्द आहे. मुंबईत कांदा महागतो, लासलगावात त्याच दिवशी कांद्याचा भाव वधारतो. रुपयाचंही तसंच. तो घसरला की युरोपात माल पाठवणाऱ्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या हाती जास्त रुपये येतात, आणि परदेशात शिकणाऱ्या मुलीची फी भरणाऱ्या घराचा हिशेब कोलमडतो.

देशांचंही असंच होतं. श्रीलंकेचे चहा आणि कपडे निर्यात करणारे डॉलर कमावत होते, पण सरकारचं बरंचसं परकीय कर्जही डॉलरमध्येच होतं. दोनशे रुपयांत फिटणाऱ्या डॉलरला ३६० मोजायचे, तेही तिजोरीत डॉलर नसताना. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परतफेड थांबवली. अमेरिका कर्ज स्वतःच्याच चलनात घेते. डॉलर घसरला म्हणून तिच्या कर्जाचा आकडा फुगत नाही. घसरण हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो, पण त्याचा भार सारखा नसतो. अनुवादात हा भार कुणावर पडला ते उघड लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा प्रतिसाद : एक भर. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथला महागाईचा दर ७० टक्क्यांजवळ होता, जुलै २०२३ मध्ये ६ टक्क्यांच्या आसपास आला. याला 'महागाई घटली' म्हणू नका. भाव वर्षभरापूर्वीपेक्षा खाली आले नव्हते, त्यांच्या वाढीचा वेग मंदावला होता. दुकानातून रिकाम्या पिशवीने परतलेल्या माणसाला ते शीर्षक खोटं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती : सर्वांचे आभार. वाक्य असं बदललं आहे : 'मध्यवर्ती बँकेने विनिमय दर मोकळा सोडताच रुपया कोसळला, आणि आधीच चढलेले आयात मालाचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले.' लांबलं खरं, पण मैत्रिणीच्या दोन्ही प्रश्नांना आता त्यात उत्तर आहे.