जुन्या गाडीला फुल पेंट: गरज की हौस?

किंग्जसर्कलकर:
परवा इथेच एका सदस्याने लिहिलं, 'गाडी दहा वर्षांची झाली की डोळे मिटून फुल पेंट मारा, पस्तीस हजारांत नवी कोरी.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. पण नवी कोरी होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कंपनीत रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता सांगाडा असतो. वायरिंग नाही, रबर नाही, सीट नाही. म्हणून भट्टी १४० अंशांच्या आसपास तापवता येते. गॅरेजच्या बूथमध्ये (रंग मारून तापवायच्या बंद खोलीत) ६० च्या फार पुढे गेलात की प्लास्टिक वाकडं. शिवाय कंपनी सगळा सांगाडा गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवते, तो थर पोकळ्यांत आतपर्यंत पोचतो. पेंटर घासता घासता कडांवर नेमका तोच उघडा पाडतो.

रंग मरतो कुठे? छत, बॉनेट, डिकीचं झाकण. जिथे ऊन थेट डोक्यावर घेतलं जातं तिथे. दारं बहुधा शाबूत असतात. शाबूत दारं खरवडायला पैसे कशाला मोजायचे?

क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटत असतील तर रबिंगने (घासून चमकवण्याने) काही होत नाही, तो पॅनल रंगवावाच लागतो. नुसता मळका-खरखरीत झाला असेल तर क्लेने (मळ ओढणाऱ्या मातीच्या गोळ्याने) साफ करून कम्पाउंड, पॉलिश. पण क्लिअर असतं जेमतेम ४०-५० मायक्रॉन. दरवर्षी मशीन फिरवलंत तर तेही संपेल.

सांताक्रूझ_पूर्व:
आणि सिल्व्हर गाडीचं काय? मेटॅलिकमध्ये एकच पॅनल रंगवला की उन्हात तो ओरडून सांगतो. रंगाचा कोड तोच असला तरी स्प्रे गनचं प्रेशर, अंतर, थिनर यावर रंगातला चमकीचा दाणा कसा बसतो ते ठरतं. त्यात मूळ शेड उन्हाने सरकलेली. बॉनेट तरुण, दारं म्हातारी. फिरा ठिगळं लावून.

किंग्जसर्कलकर:
ब्लेंडिंग ऐकलंय का? बॉनेटचा रंग शेजारच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) विरवत न्यायचा, क्लिअर मात्र फेंडरभर मारायचं. आधी नमुना मारून गाडीशेजारी उन्हात धरायचा, ट्यूबलाइटखाली नाही. पेंटर कंटाळतो, कारण पैसे एका पॅनलचे आणि काम तीन पॅनलचं.

गंजविरोधी_आघाडी:
चकाकीवर भांडताय, पत्रा कोणी बघितलाय? वरळी सी फेस किंवा कार्टर रोडला वर्षानुवर्षं खारं वारं खाणाऱ्या गाडीचं आधी खालून बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती पानं-मातीने बुजतात आणि पत्रा आतून सडत येतो. दाराखालचा उंबरा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज बद आला तर आत सडलंय समजा. डिकीतला स्टेपनीचा खळगा, छताच्या पट्ट्या, पुढच्या काचेची कड, हेही बघा.

फुगवटा दिसत असेल तर वरून कितीही थर द्या, आत गंज चालूच राहतो. आरपार गेला असेल तर कापून तुकडा वेल्ड करायचा. वरवरचा असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंड आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

आणि लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी! लांबी पाणी पिते. तरी पाणी मारून घासतात, कारण धूळ उडत नाही आणि पॉलिशचा कागद जास्त टिकतो. ते पाणी प्रायमरखाली कोंडतं, पुढच्या उन्हाळ्यात फोड. लांबी कोरडीच घासायची, कागद ८०, मग १८०, मग ३२० नंबरचा. पाणी प्रायमर वाळल्यावर, ८०० नंबरला. थर दोन-तीन मिलिमीटरवर नको. पोचा खोल असेल तर आधी पत्रा ओढून घ्या.

बोरिवली_वेस्ट:
मूळ रोग वेगळाच आहे. सोसायटी शेड टाकू देत नाही! कमिटीच्या कुंड्या पार्किंगमध्ये चालतात, आमचं छप्पर चालत नाही. शेवटी कव्हर घालावं लागतं. रोज कव्हर घाला, रंगाला काही होत नाही.

सांताक्रूझ_पूर्व:
काही होत नाही? मेट्रोच्या कामाची धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे सॅंडपेपर फिरवणं. वारा सुटला की कडांवर घासतं ते वेगळं. ओल्या गाडीवर प्लास्टिक अस्तराचं घातलंत तर आत वाफ धरते.

बोरिवली_वेस्ट:
मग ठेवा उघडी झाडाखाली. तापलेल्या बॉनेटवर कावळ्याची शिट पडली की दुपारपर्यंत क्लिअरला कायमचा डाग.

सांताक्रूझ_पूर्व:
कव्हर नकोच असं म्हणालो नाही. वाचायला शिका. गाडी धुऊन, कोरडी करून, आतून मऊ कापडाचं, खालून पट्टा बांधून.

बोरिवली_वेस्ट:
रोज धुवायला पाणी तुमच्या टाकीतून देणार?

गंजविरोधी_आघाडी:
बोअरचं नको, उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. आणि गाडी पुसणारा एका बादलीत दहा गाड्यांचं फडकं पिळतो, त्यावर कोण बोलणार?

बोरिवली_वेस्ट:
त्याला महिन्याला देता किती, त्यावर आधी बोला.

वडाळा_आरटीओसमोर:
धागा पेंटचा आहे ना? गाडी चौदाव्या वर्षात असेल तर थांबा. आरसी १५ वर्षांना संपते, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढते, पर्यावरण कर वेगळा. गाडी ठेवायची की काढायची हे आधी ठरवा. रंगच बदलणार असाल तर आरसीवर नोंद हवी, इन्शुरन्सलाही कळवा.

आणि जुलैत काम देऊ नका. 'बूथ आहे' म्हणतात. बूथ असतो, डिझेल वाचवायला आतली हवा तापवणारा बर्नर बंद असतो. कॉम्प्रेसरच्या लाइनमधून पाणी येतं, क्लिअरमध्ये पुटकुळ्या. रंग घट्ट करणारं हार्डनर महाग म्हणून कमी घालतात, मग रंग नखाने उठतो. डब्यावर दोनास एक (दोन भागांना एक भाग हार्डनर) लिहिलं असेल तर मापूनच घालायला लावा.

सांताक्रूझ_पूर्व:
बरं, दारं शाबूत असतील तर बॉनेट, छत आणि ब्लेंडिंग. पण चारही बाजूंनी क्लिअर गेलेल्या गाडीला फुल पेंटच, हे तुम्हीही कबूल करा.

किंग्जसर्कलकर:
केलं. पण हँडल, दिवे, रबरं, बीडिंग सगळं उतरवून. नुसती टेप लावून मारलात तर एक-दोन पावसाळ्यांत रबराच्या कडेने सोलायला लागतो. एवढी काढ-घाल पस्तीस हजारांत कोण करतो, नाव सांगा.

सांताक्रूझ_पूर्व:
कोणी नाही. जिंकलात, अभिनंदन. आता ब्लेंडिंग जमणाऱ्या पेंटरचा नंबर तेवढा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.