इन्लांडेट: हेडमार्क-ओपलांड जोडले ते बरोबरच झालं

नकाशावेडा:
नॉर्वेत १ जानेवारी २०२० ला हेडमार्क आणि ओपलांड जोडून इन्लांडेट जिल्हा झाला. त्याच वेळी जोडलेले विकेन, ट्रोम्स-फिनमार्क, वेस्टफोल-टेलेमार्क २०२४ ला पुन्हा वेगळे झाले, हा टिकला. टिकायलाच हवा होता. समुद्रकिनारा नसलेला देशातला हा एकमेव जिल्हा, त्याचं सगळं म्योसा सरोवराभोवती फिरतं आणि जुनी हद्द नेमकी त्या सरोवरातून जायची! पूर्वेला हामार, समोर योविक, उत्तर टोकाला लिलेहामर. स्किब्लाडनर आगबोट १८५६ पासून तिन्ही गावं जोडतेय. १९९४ चं ऑलिम्पिक लिलेहामरच्या नावावर, पण स्पीड स्केटिंग झालं हामारला आणि आइस हॉकीचे काही सामने योविकला, डोंगर कोरून केलेल्या हॉलमध्ये.

दरीखोरे:
म्योसाकाठचं बरोबर, पण उत्तरेचं काय? गुडब्रांड्सडालेन आणि ओस्टरडालेन या दोन लांबलचक दऱ्या, मध्ये रोंडानेचे डोंगर, रेल्वेमार्गसुद्धा वेगवेगळे. लोगेन नदी म्योसाला मिळते, ग्लोमा ओस्टरडालेनमधून येते आणि दोघींचं पाणी एकत्र होतं ऑर्नेसला, म्हणजे जिल्ह्याच्या बाहेर! सुमारे ५२,००० चौरस किलोमीटर, डेन्मार्कपेक्षा मोठा मुलूख. जिल्हा परिषदेकडे कामं उच्च माध्यमिक शाळा, बस, रस्ते अशी. ओस्टरडालेनच्या उत्तरेकडच्या ट्युनसेटच्या माणसाला शेजारच्या ट्रोंडेलाग जिल्ह्यातलं रोरोस जवळ, तर मुख्यालय हामार दोनशे किलोमीटरहून लांब.

नकाशावेडा:
ट्युनसेट आधीही हेडमार्कमध्येच होतं आणि हेडमार्कचं मुख्यालयही हामारच! २०२० मुळे ते अंतर तसूभरही वाढलेलं नाही.

दरीखोरे:
ट्युनसेटचं मान्य. पण ओपलांडच्या वरच्या टोकाला लोम आणि शोक ही गावं आहेत, तिथल्या लोकांचं मुख्यालय लिलेहामर होतं, ते आणखी खाली हामारला सरकलं. राज्यपालांचं कार्यालय लिलेहामरला ठेवलं, पण शाळा-बसचे निर्णय तिथे होत नाहीत.

जुनीपानं:
दोघेही २०२० पासून मोजताय. १७५७ मध्ये आकेर्सहुस प्रांतामधून वेगळा निघाला तेव्हा हा एकच मोठा प्रांत होता, १७८१ मध्ये त्याचे दोन केले. म्हणजे वेगळेपणही सरकारनेच आखलेलं. तरी दरीखोरे यांच्याकडे माझा कल आहे. जोडणीच्या वेळी येवनाकेर आणि लुन्नेर या ओपलांडच्या दोन नगरपालिका ओस्लोभोवतीच्या विकेनकडे गेल्या, कारण त्यांचा रोजचा संबंध ओस्लोशी. मोरे-रोम्सडाल जिल्ह्यातली रिंडाल नगरपालिकाही २०१९ मध्ये जिल्हा बदलून ट्रोंडेलागमध्ये गेली. मग जिल्हा राहू दे, पण उत्तर ओस्टरडालेनच्या लोकांना ट्रोंडेलागमध्ये जायचं असेल तर तीच वाट त्यांनाही मोकळी हवी.