कर्मवीरांच्या स्मरणार्थ चौक आणि पायवाट : दगड कोणता, आणि वडाचं काय करू?

गोडोलीकर
नमस्कार. साताऱ्यात एका आर्किटेक्टकडे साइट बघतो. एका विद्यापीठाच्या आवारात गेटपासून लायब्ररीपर्यंत १८० मीटर पायवाट आणि वाटेत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या स्मरणार्थ चौक करायचाय. कमिटीला ग्रॅनाइट, कारंजं आणि स्टीलचं रेलिंग हवंय. मला ते लॉजच्या पोर्चसारखं दिसतं. ज्या माणसानं 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांच्या हातात कुदळ दिली, त्याच्या चौकात चकचकीत फरशी? जागेवर जुना वड आहे. शिवाय नकाशातली वाट काटकोनात वळते आणि पोरं मात्र सायकल स्टँडमागून तिरकी जातात. गवत मरून पांढरी पट्टी पडलीय तिथं.

टाकीवाला
वाट पोरांनी पाडलीय, तीच धरा. नाहीतर तुमची फरशी मोकळी राहील.
पॉलिशच्या ग्रॅनाइटवर पावसात पाय ठरत नाही. गेल्या जुलैत एका मंगल कार्यालयाच्या पायरीवर मीच आपटलो, सहा आठवडे मनगट प्लास्टरात. आपला काळा दगड घ्या, वर छिन्नीनं हलकी टाकी मारून, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत होईल. खोल टाकी नको, व्हीलचेअर खडखडते. मीटरला दोन सेंटीमीटर आडवा उतार ठेवा, पाणी थांबलं की शेवाळ आलंच. रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको.

हिरवळ
बॉटनी शिकवते, म्हणून वडापुरतं बोलते. पार बांधा, पण बुंध्याला सिमेंट भिडवू नका आणि भराव टाकून बुंधा पुरू नका, साल कुजते. झाडाखाली जेसीबी नको, मुळं तुटतात, हातानं खणा. दगड काँक्रीटवर न बसवता वाळूवर बसवा, म्हणजे पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाईल. वड हे कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह. त्यालाच मारून स्मारक कसलं करायचं!

जुना बोर्डर
मी ७८ साली बोर्डिंगात होतो. सकाळी दोन तास बागेला पाणी घालायचं, मग वर्ग. भाकरीचा डबा कुठं सोडावा हाच रोजचा प्रश्न, बसायला एक जागा नव्हती. पुतळा करा नाहीतर करू नका, पोरांना टेकायला कट्टा द्या. आणि नुसत्या जन्म-मृत्यूच्या तारखा कोरू नका. बोर्डिंगच्या पोरांसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते लिहा.

गोडोलीकर
काका, हे कमिटीत वाचून दाखवलं. कारंजं बारगळलं, रेलिंगवर अजून घोडं अडलंय. मंगळसूत्राची ओळ पाराच्या दर्शनी दगडावर घेतोय. वाटेत पायाखाली दोन दगड : 'काले १९१९', 'सातारा १९२४'. पहिल्या ठिकाणी, कराडजवळच्या काले गावी, रयत संस्था निघाली, दुसऱ्या ठिकाणी बोर्डिंग. पाराची उंची ४५ सेंटीमीटर धरली, डबा मांडीवर घेऊन बसता येईल एवढी. शनिवारी तिरक्या वाटेवर चुना टाकून आखणी करतो.