खिडकीला आतून दुसरी चौकट घरीच बनवायची आहे, परभणीकडं कुणी केलंय का?

पश्चिमखिडकी_परभणी
नमस्कार मंडळी. आमचं घर परभणीत गावाच्या कडंला आहे, वरचा मजला, पश्चिमेला सगळं मोकळं रान. बेडरूमला चार बाय चारच्या दोन स्लायडिंग खिडक्या, टू ट्रॅक अ‍ॅल्युमिनियम, साधी चार एमएमची काच. दिवाळी झाली की पहाटं त्या ट्रॅकमधून अशी गार हवा यायलीय की आईला रात्रभर खोकला, आणि एप्रिल-मेमध्ये उलटं, एसी चालू असला तरी दुपारी चारनंतर खिडकीजवळच्या पलंगावर बसवत नाही. धूळ बाराही महिने.

माझी मावसबहीण अमेरिकेत मिनेसोटाला असते. तिकडं हिवाळ्यात शून्याच्या खाली वीस-वीस डिग्री जातं, तर तिथले लोक लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिच्या दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक ताणतात, कडेनं फोम लावतात आणि खिडकीच्या गाळ्यात आतून दाबून बसवतात, थंडी सरली की काढून ठेवतात. खिळे नाहीत, भिंतीला भोक नाही. मला हे करायचंय पण आपल्याकडं उन्हाळाच मोठा, तर त्याचा उन्हाळ्यात उपयोग होतो का? आणि फिल्म लावू की अ‍ॅक्रेलिक शीट? नवीन डबल काचेच्या खिडक्यांचा भाव ऐकला, ते काही जमणार नाही.

स्लायडिंगवाला_उदगीर
दादा मी खिडक्यांचंच काम करतो म्हणून सांगतो, आधी आहे ती खिडकी नीट करा मग चौकटीकडं वळा. शटरच्या कडेला जो केसाळ ब्रश असतो ना, आम्ही वूल पाइल म्हणतो, तो पाच-सात वर्षांत चपटा होतो नाहीतर उंदीर कुरतडतात, आणि दोन शटर मधे जिथं एकमेकांत अडकतात तिथून सगळ्यात जास्त हवा येते. रात्री वारं असताना उदबत्ती पेटवून खिडकीच्या चारी कडेनं हळूहळू फिरवा, धूर जिथं आडवा पळतो तिथं फट. ब्रश मीटरवर मिळतो, स्वस्त आहे, शटर उचलून काढलं की जुना ओढून नवीन सरकवायचा. खिडकीची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि गाळ्याच्या ग्रॅनाइटच्या मधली फट सिलिकॉननं भरून घ्या. पण खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात ती बुजवू नका, पावसाळ्यात पाणी घरात येईल. एवढं केलं तरी आईंचा खोकल्याचा त्रास कमी होईल बघा.

ऊनसावली_संभाजीनगर
उन्हाळ्याचं विचारलंत म्हणून थोडा हिशोब मांडतो, कारण इथंच लोकांचा गोंधळ होतो. खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते, एक बाहेरची गरम हवा काचेतून आत झिरपते ती आणि दुसरी थेट ऊन. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर डिग्री फरकामागं साधारण ५.८ वॅट आत येतात, आतून दुसरा थर नीट हवाबंद बसवला तर हे निम्म्यावर येतं, २.८-३ च्या आसपास. तुमची चार बाय चारची खिडकी म्हणजे दीड चौरस मीटर. बाहेर ४३, आत २६ धरलं तर १७ डिग्रीचा फरक, म्हणजे एका खिडकीमागं आत्ता दीडशेएक वॅट येतात ते पंच्याहत्तरवर येतील. चांगलंच आहे.

आता ऊन बघा. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चार-पाचला चौरस मीटरला सहाशे वॅट ऊन पडतं असं धरू, साध्या काचेतून त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या वर आत येतं, म्हणजे एकाच खिडकीतून सातशे वॅटच्या पुढं! पारदर्शक प्लास्टिकचा अजून एक थर त्यातलं फारतर दहाएक टक्के अडवेल. म्हणून पश्चिमेला पहिला इलाज काचेच्या बाहेरून सावली. छज्जा पुरत नाही कारण संध्याकाळचं ऊन खालून तिरपं येतं, त्यामुळं बांबूची चिक नाहीतर कृषी सेवा केंद्रात मिळते ती ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट खिडकीपासून वीतभर पुढं बांधा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. आणि वरचा मजला म्हणताय तर स्लॅबवर पांढरा कोट मारा, खिडकीपेक्षा स्लॅब जास्त तापतो. सावली केली की मग तुमची चौकट खरी कामाला येते, कारण मग झिरपणारी उष्णता आणि फटी एवढंच उरतं.

माळवद_औसा
मी लातूरला भावाच्या घरी अशा चौकटी करून दिल्यात, पद्धत सांगते. आमच्या गावाकडं जुन्या माळवदाच्या घरात दोन-दोन फुटी भिंती आणि खिडकी म्हणजे हातभर झरोका, तिथं हा प्रश्नच नव्हता, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक पातळ भिंतींच्या घरात आले आणि मग खिडक्याही मोठ्या झाल्या. जीव वाचतो ते महत्त्वाचं, पण ऊन-थंडीचं आपल्याला वेगळं बघावं लागतं.

आधी माप. रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा आणि उंचीही तीनदा घ्या, दोन्ही कर्णही मोजा, कारण आपले गाळे क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात असतात. सगळ्यात लहान माप धरून चौकट चारी बाजूंनी पाच-सहा एमएम कमी करा आणि कडेला दहा एमएमचा मऊ फोम लावा, तो दबून घट्ट बसतो. पाइनची दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी घ्या, वाळलेली आणि सरळ बघून घ्या, वाकडी पट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. कोपऱ्याला आतून एल पट्टी. मधे एक आडवी पट्टी टाकाच, नाहीतर फिल्म ताणल्यावर बाजूच्या पट्ट्या आत ओढल्या जातात आणि तिथंच फट पडते. दोन्ही अंगानं डबल साइड टेप, त्यावर फिल्म हातानं जमेल तेवढी ताणून चिकटवायची आणि हेअर ड्रायर लांबून फिरवायचा, सुरकुत्या आपोआप जातात. पॅकिंगवाल्यांकडं मिठाईच्या बॉक्सवर लावतात ती पीओएफ श्रिंक फिल्म, म्हणजे गरम केली की आकसणारी, मिळते, ती चालते. ड्रायर एका जागी धरला की भोक पडतं तेवढं सांभाळा. दोन फिल्मच्या मधे पाऊण इंच हवा राहते आणि तेवढीच पाहिजे, जास्त जाड चौकट केली तर मधली हवा फिरायला लागते, फायदा वाढत नाही.

अ‍ॅक्रेलिक टिकाऊ आहे, पुसता येतं, लेकरं-मांजर असतील तर तेच घ्या, तीन एमएमचं बास. पण ते उन्हानं वाढतं, चार फुटाला तीस डिग्रीच्या फरकात अडीच एमएमच्या आसपास, त्यामुळं चौकटीत ठासून बसवू नका, कडेला तीन एमएम मोकळं सोडा नाहीतर फुगा येतो. कापडानं पुसताना कोरडं घासायचं नाही, ओरखडे पडतात.

शीतल_नांदेड
सगळे बनवायचं सांगायलेत पण हे पण लक्षात घ्या. खोली हवाबंद झाली की आत शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही, आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत पहाटं कोळशाची शेगडी ठेवायची सवय असते, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. गॅस गीझर असलेल्या बाथरूमच्या खिडकीला असलं काही लावू नका. चौकटीला आतून दोन कापडी पट्टे नाहीतर हँडल लावा, रात्री काही झालं तर आईंना एका हातानं ओढून काढता आली पाहिजे.

आणि दादा कूलर आहे का? कूलरच्या खोलीत ही चौकट नको, कूलरला हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री बाहेर बरंच गार पडतं तेव्हा खिडकी उघडायचीच असते, म्हणून रोज काढता-घालता येईल अशी हलकी करा.

पश्चिमखिडकी_परभणी
लई आभार सगळ्यांचे, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ऊनसावली दादा, सातशे वॅटचा आकडा बघून डोळे उघडले, शेडनेट आधी लावतो. कूलर हॉलमध्ये आहे, बेडरूमला एसी. दोन शंका. एक, दुसऱ्या बेडरूमला काळी काच आहे, तिथं आतून थर्माकोलवर चांदीचा कागद लावून बसवला तर? दोन, पावसाळ्यात आत पाणी धरेल का?

स्लायडिंगवाला_उदगीर
काळ्या काचेला मागून थर्माकोल लावू नका. काळी काच ऊन स्वतःत शोषते, मागून चांदी आणि थर्माकोल असला की उष्णतेला जायला जागाच राहत नाही, मधला भाग तापतो आणि फ्रेममधली कड त्यामानानं गार राहते, त्या ताणानं काच तडकते, कडेला बारीक टवका असेल तर नक्कीच. तिथं पण बाहेरूनच सावली करा.

माळवद_औसा
पाण्याचं असं आहे की आतली चौकट घट्ट पाहिजे आणि बाहेरची खिडकी किंचित श्वास घेणारी, म्हणजे मधला ओलावा बाहेर जातो. तुमच्या स्लायडिंगला ती भोकं आहेतच, आपला हिवाळा कोरडा, त्यामुळं थंडीत वाफ धरत नाही. पावसाळ्यात मात्र जूनला काढूनच ठेवा, लाकडाला बुरशी येते. ठेवताना उभी ठेवा, आडवी ठेवून वर गाद्या टाकल्या की फिल्म फाटते. आणि स्लायडिंगचं लॉक खोलीच्या बाजूला किती पुढं येतं ते मोजलं का? चौकट लॉकला टेकायला नको, ग्रॅनाइटवर तेवढी जागा आहे का ते बघून मगच पट्टी आणायला जा.