व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय, नाशिकमध्ये राहून सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठची
मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रात बी.ए. झालंय. पुढे व्यसनमुक्ती समुपदेशनात काम करायचंय. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं की मानसशास्त्रात एम.ए.? 'पंधरा दिवसांत घरबसल्या डिप्लोमा' अशा जाहिराती दिसतात, त्यांचा नोकरीत उपयोग होतो का? आणि केंद्रात पाऊल ठेवण्याआधी काय यायलाच हवं? नाशिकरोडला राहते, पुण्या-मुंबईला कायमचं जाणं शक्य नाही.

सातपूरकर
ताई, एमएसडब्ल्यू करा. मुक्त विद्यापीठाची पदवी प्रवेशाला चालते. समाजकार्य महाविद्यालय नाशिकमध्येच आहे, मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाज). स्पेशलायझेशन निवडताना मेडिकल-सायकिअॅट्रिक मिळत असेल तर तेच घ्या. या अभ्यासक्रमाचा खरा जीव क्षेत्रकार्यात आहे. ते सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मिळावं म्हणून पहिल्या आठवड्यातच विभागप्रमुखांच्या मागे लागा. उशीर केला की अंगणवाडीच्या सर्वेक्षणावर जाल. तेही काम चांगलंच आहे, पण तुमचं नाही.

पंधरा दिवसांच्या डिप्लोमाचे पैसे वाचवा. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत भरती होताना पदवी, अनुभव आणि मान्य प्रशिक्षण बघतात. दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था या विषयाचे अभ्यासक्रम घेते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये (१९८६ पासून) उपचारांबरोबर प्रशिक्षणही चालतं, थोड्या दिवसांसाठी जाऊन येता येईल. पुढे कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचं युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम, म्हणजे व्यसनोपचाराचा अभ्यासक्रम, शिकून आयकॅप या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. पण ती अनुभव गाठीशी आल्यावर. आधी देऊन उपयोग नाही.

ब्रह्मगिरी
वरच्याशी ऐंशी टक्के सहमत. मानसशास्त्राचं एम.ए. वाईट नाही. फक्त त्याने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. ती नसताना पाटीवर तसं लिहिणारे आपल्या शहरातही दिसतील. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. मुक्त विद्यापीठाची सवय असल्याने एम.ए.ही दूरस्थ करावं असं वाटेल. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. त्यानंतरचा प्रवेश कुणी देऊ करत असेल तर पैसे भरू नका. नियमित कॉलेजच बघा.

कॉलेजरोड_चहा
पदवीवर बरंच झालं. 'काय यायलाच हवं' यावर लिहितो.

पहिलं, दारू मोजता आली पाहिजे. ऑडिट ही पिण्याच्या सवयीची दहा प्रश्नांची चाचणी पाठ करा: गुण ० ते ४०, ८ किंवा जास्त म्हणजे धोका, २० किंवा जास्त असतील तर अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांकडे. चाचणी सोपी आहे, चुकते ती मोजमापात. प्रश्न 'किती ड्रिंक' असा असतो आणि पेशंट म्हणतो, "जास्त नाही, रोज एकच." एक काय? क्वार्टर! १८० मिलि, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर ती सहा ड्रिंक झाली. नाइन्टी म्हणजे तीन. ८ टक्क्यांची ६५० मिलिची स्ट्राँग बिअर म्हणजे चार. नवखा समुपदेशक 'एक' लिहितो, गुण सहाने कमी येतात आणि तब्येत खालावलेला माणूस 'सौम्य' म्हणून घरी जातो. म्हणून नेहमी बाटलीच्या भाषेत विचारा: कोणती, कुठल्या मापाची, किती दिवसांत संपते, सोबत कोण असतं.

दुसरं, विड्रॉअल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, ओळखणं. यात चूक झाली तर माणूस जातो. घरचे कोंडून ठेवतात, "चार दिवस पिऊ दिली नाही की सुटेल." रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा तासांनंतर हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते, आणि डीटी, म्हणजे भ्रम होणं, अंगावर किडे चढल्यासारखं वाटणं, वेळकाळाचं भान सुटणं, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला. नेमकं तेव्हाच घरच्यांना बाहेरची बाधा वाटते आणि ते भगताकडे नेतात. समुपदेशकाचं काम एवढंच की शेवटचा घोट कधी घेतला हे पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं, आधी कधी फिट आली होती का हेही, आणि लक्षणं दिसली तर समुपदेशन थांबवून सरळ सिव्हिल. जेवण तुटलेल्या पेशंटला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन द्यावं लागतं. ते डॉक्टर बघतील, पण का देतात हे माहीत असावं.

मालेगावकडच्या 'कुत्ता गोळी'चंही तेच. ती अल्प्राझोलाम असते. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. ब्राऊन शुगरचं उलट: त्रास भयंकर, अंग मोडून येतं, पण त्याने जीव जाणं क्वचित. पुन्हा घेतली तर मात्र सवय उतरलेली असते आणि जुन्याच डोसने ओव्हरडोस होतो. केंद्रातून सुटी देताना हे पेशंटला आणि घरच्यांना स्पष्ट सांगायचं.

गोदाकाठची
खूप आभार. एक शंका: वणीला नेऊन शपथ घालतात, माळ घालायला लावतात. समुपदेशकाने त्याला विरोध करायचा का?

ब्रह्मगिरी
विरोध कशाला? माळेने पुष्कळांना आधार मिळतो. संध्याकाळचे सात ते नऊ रिकामे न जाता भजनात जातात, हे साधं काम नाही. अडचण शपथ मोडल्यावर येते. एक घोट झाला की "आता मोडलीच" म्हणून चार दिवस सलग. त्यामुळे शपथेसोबतच घसरल्यावर त्याच रात्री फोन कुणाला करायचा, हे नाव-नंबरासकट कागदावर लिहून घ्या. ठाम विरोध करायचाच तर भिंतीवरच्या 'न सांगता दारू सोडा' या जाहिरातींना करा. डायसल्फिराम, म्हणजे दारूसोबत त्रास होणारं औषध, गुपचूप भाजीत कालवलं आणि वर दारू प्याली तर रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. घरच्यांना हे थेट विचारा, स्वतःहून सांगत नाहीत.

सातपूरकर
क्षेत्रकार्यासाठी केंद्र बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतात, आणि रात्री औषधं कोण देतं. तिसऱ्याचं उत्तर 'जुने पेशंटच देतात' असं आलं तर चहा पिऊन निघा.